दुष्काळ, मरण, बदनामी सोसूनही आनंदी राहिलेल्या केडगावच्या पंडिता रमाबाई

दौंड : पुण्याहून दौंडकडे रेल्वेने निघाले की वाटेत केडगाव स्टेशन लागते. रोज हजारो लोक इथून ये-जा करतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच माळरानावर उपाशी, निराधार बायका आणि पोरींनी भरलेलं एक अख्खं गाव उभं राहिलं होतं, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नसतं. ते उभं करणाऱ्या बाईंचं नाव पंडिता रमाबाई. घरातली एकेक माणसं डोळ्यांदेखत गेली, स्वतःच्या समाजाने दूर लोटलं, हाती पैसा नव्हता. तरीही या बाई आपल्या ख्रिस्ती श्रद्धेत आनंदी कशा राहिल्या, याची ही गोष्ट.

जंगलातलं बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बाईने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी बायकोला शिकवलं आणि आईने रमाला. लहान वयातच भागवतातले हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले. पुढे सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागलं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते सगळं विकलं. शेवटी रानातला झाडपाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढायची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा रमा स्वतः पुढे झाली. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. त्या वेळी ती अवघी सोळा वर्षांची होती.

पदव्या मिळाल्या, माणसं गेली

उरला एक भाऊ, श्रीनिवास. दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. देशभर नाव झालं. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात बाजूला ठेवून लग्न केले. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वयाच्या २३ व्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू होतं.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि मुलींना शिकवायला शिक्षिका, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असे ठामपणे मांडले. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही.

धर्म मिळाला, समाधान नाही

लूकचे शुभवर्तमान त्यांनी नवऱ्याच्या पुस्तकांच्या कपाटात आधीच पाहिले होते. इंग्लंडमध्ये त्यांनी समाजाने टाकून दिलेल्या बायकांना मायेने सांभाळणारी घरं पाहिली. अशा बाईलाही पुन्हा उभं राहता येतं, हे त्यांच्या मनाला भिडलं. विहिरीवर आलेल्या शमरोनी बाईशी येशू माणूस म्हणून बोलला, ही कथा त्यांना तिथेच कळली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात टीकेची झोड उठली. तिकडे इंग्लंडमध्येही सगळं गोड नव्हतं. धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानायला रमाबाई तयार नव्हत्या. प्रश्न विचारायच्या, वाद घालायच्या. त्यामुळे तिथल्या मंडळींशीही खटके उडाले. पुढे रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता. डोक्याला पटलं होतं, पण मन कोरडंच होतं.

अमेरिकेत पैसा आणि पाठबळ मिळवून त्या १८८९ मध्ये परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या.

ओझं उतरलं

बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन पडले. धर्माची नोकरी करूनही आतून रिकाम्या असलेल्या त्या माणसाला विश्वास कसा गवसला, याची ती हकीकत होती. रमाबाईंना त्यात स्वतःचं चित्र दिसलं. आपण काही मोठं करून देवाला मिळवायचं, ही धडपड त्यांनी सोडली. जसे आहोत तसे ख्रिस्ताच्या पायाशी जायचं, एवढंच उरलं. लहानपणापासून तीर्थं, व्रतं, उपास आणि नंतर धर्मशास्त्राचे वाद यांतून जे हाती लागलं नव्हतं, ते समाधान इथे लागलं.

पण या आनंदाने संकटं टळली नाहीत, उलट वाढलीच. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. धर्माला हात लागणार नाही, या भरवशावर त्यांनी पोरी पाठवल्या होत्या. मुलींवर सक्ती नाही, पण माझ्या खोलीतली माझी प्रार्थना मी लपवणार नाही आणि कुणी येऊन बसलं तर दार लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. तिची किंमत त्यांनी मोजली.

माळावरची मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतः भूक पाहिलेल्या रमाबाईंना घरात बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली. एवढी माणसं शहरात ठेवता येईनात. केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतलेली होती, तिथे झोपड्या आणि तंबू ठोकले गेले. 'मुक्ती' नावाची वसाहत सुरू झाली ती अशी.

१९०० च्या दुष्काळात गुजरातहूनही पोरी आल्या. वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोरडा माळ, विहिरी खणायच्या, रोज एवढ्या तोंडांना घास द्यायचा आणि ठरलेलं उत्पन्न काहीच नाही. देणगी येईल तसं चालायचं. शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी सगळी कामं बायकांनीच उचलली. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन उघडले.

आणि या सगळ्या ओढाताणीत इथे प्रार्थना, गाणी थांबली नाहीत. १९०५ मध्ये तर मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. ज्या पोरी मरणाच्या दारातून आल्या होत्या, त्या रडता रडता हसू लागल्या, गाऊ लागल्या. टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

शेवटचं काम

खेड्यातल्या बाईला वाचून समजेल असं मराठी बायबल हवं, म्हणून रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर स्वतः केलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारं मुक्तीतल्या बायकांनी केलं. सरकारने १९१९ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. कान आता जवळपास गेले होते.

जुलै १९२१ मध्ये शेवटचा घाव बसला. चाळीस वर्षांची मनोरमा गेली. रक्ताचं म्हणावं असं कुणी उरलं नाही. रमाबाई खचल्या नाहीत असं नाही. प्रकृती ढासळतच गेली. पण त्या पुन्हा टेबलाशी बसल्या आणि बायबलची उरलेली प्रुफं तपासू लागल्या. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी डोळे मिटले.

१९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे. रमाबाईंना आनंद सापडला तो संकट संपल्यावर नव्हे, संकटाच्या मधोमध. आणि तो त्यांनी एकटीपुरता ठेवला नाही. तिरडीला चौथा माणूस मिळाला नाही अशी ती पोर पुढे दोन हजार जणींची आई झाली.