प्रा. माणिकराव आणि वजनाचा काटा

बडोदे हे माझे आजोळ. सुट्टीत मामांबरोबर खंडेराव मार्केटात भाजी आणायला जाणे ठरलेलेच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ही राजवाड्यासारखी इमारत बांधली आणि तिला आपल्या आधीचे राजे खंडेराव यांचे नाव दिले. खंडेराव कुस्तीचे मोठे शौकीन. तेथून दांडिया बाजाराकडे गेले की प्रा. माणिकरावांचा आखाडा लागतो.

यंदा मामेबहीण रुसलेली होती. व्यायामशाळेतल्या विजेच्या काट्याने तिच्या अंगात २६ टक्के चरबी दाखवली आणि तिच्या भावाच्या अंगात १७. तेव्हापासून तिने रात्रीचे जेवण सोडले होते. तिला समजावताना मामा माणिकरावांविषयी बोलू लागले आणि मी ऐकत राहिलो.

माणिकराव म्हणजे गजानन यशवंत, जन्म १८७८. जुम्मादादा हे त्यांचे गुरू. पुढे गुरूच्याच नावाचे व्यायाम मंदिर त्यांनी वाढवले. त्या काळी उस्ताद एकेका पठ्ठ्याला हाताखाली घेऊन तयार करीत. माणिकरावांनी शेकडो मुलांना एका रांगेत उभे केले, इंग्रजी हुकमांच्या जागी आपल्या भाषेतले हुकूम आणले आणि सांघिक व्यायामाची पद्धत बसवली. निखळलेले सांधे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. सयाजीरावांनी त्यांना राजरत्न ही पदवी दिली. दोन-चार मल्ल घडवण्यापेक्षा शेकडो साधी मुले धडधाकट करणे हे मला तरी मोठे काम वाटते.

त्यांच्या शिष्यांपैकी एक डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांकडे शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यासाला क्ष-किरण व रक्तदाबाच्या यंत्रांपुढे आणून बसवले. आखाड्यातली विद्या अशी प्रयोगशाळेत गेली.

अंगातली चरबी मोजण्याचा शोध मात्र फार दुरून आला. १९४२ साली, माणिकराव साठी उलटलेले असताना, अमेरिकन नौदलातील डॉ. बेंके यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलले. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतले १७ जण सैन्याला नालायक ठरत होते! चरबी पाण्याहून हलकी, स्नायू जड. त्यामुळे पाण्यातले वजन खरी गोष्ट सांगते. या गड्यांचे जास्तीचे वजन बहुतांशी स्नायूंचे निघाले.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून मला हे ताळेबंदासारखे दिसते. काटा फक्त एकूण बेरीज दाखवतो. यंत्रसामग्री किती आणि पडून राहिलेला माल किती, हे सांगत नाही. शिवाय सगळीच चरबी पडीक माल नव्हे, काही राखीव निधी असतो. पुरुषाला जगण्यासाठीच दोन ते पाच टक्के चरबी लागते, स्त्रीला दहा ते तेरा. निसर्गाने तिच्याकडे मातृत्वाची तरतूद ठेवली आहे. ती फार घटली तर पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. साधारणपणे पुरुषाला १४ ते २४ आणि स्त्रीला २१ ते ३१ टक्के ठीक मानतात. म्हणजे बहिणीचे २६ अगदी बरोबर होते. भावाच्या आकड्याशी तुलना करणेच चूक. त्यातून विजेचा काटा पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही वेगळे बोलतो.

तिला हे सांगताना मी ऐटीत होतो, कारण माझे वजन कोष्टकात चपखल बसते. मग पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांविषयी वाचले. २००४ साली त्यांनी आपला आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे सडपातळ माणसाच्याही पोटात चरबी लपलेली असते आणि तिच्यापाठोपाठ मधुमेह येतो.

माणिकराव १९५४ साली वारले. त्यांच्या रांगेत जाड मुलेच उभी राहत असतील, अशी माझी समजूत होती. त्या रात्री बहिणीने मामींनी वाढलेली भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला उठवले तेव्हा मी पांघरूण ओढून घेतले नाही.