रेषेचा धनी : रावबहादूर धुरंधर

चित्रकलेला जास्तीचा विषय समजणाऱ्यांनी महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे जीवन अवश्य जाणून घ्यावे.

१८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला आले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. इंग्रजांच्या राज्यात १९३० मध्ये काही काळ ते जे. जे. कलाशाळेचे प्रमुखही होते. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मचरित्र याच काळाचे आहे.

त्यांनी जलरंगात निसर्गचित्रे काढली, पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग रंगवले. पण पुस्तकांतील त्यांची चित्रे आम्हाला विशेष मोलाची वाटतात. एडवर्ड्सच्या मुंबईवरील पुस्तकात (१९१२) त्यांनी शहरातील साधी माणसे रेखाटली. रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकात (१९२०) मुंबईची कोळीणही मानाने उभी आहे. रंगीत फोटो दुर्मिळ होते, तेव्हाचा पोशाख व दागिने आज या चित्रांतून कळतात. किंकेडने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या (१९१४), त्यांनाही चित्रे धुरंधरांचीच!

१ जून १९४४ रोजी ते गेले. मुलांनो, सुरतेत राहून आपण मराठी जपतो. या श्रावणात आजीकडून एक कहाणी ऐका आणि तिचे चित्र काढून आणा. शाळेच्या फलकावर आम्ही ते आनंदाने लावू.