जमशेदजी टाटांनी कामगारांची दांडी कशी थांबवली?

लकडगंजपासून काही किलोमीटरवर आज एम्प्रेस मॉल आहे. तिथे जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल होती. नवसारीत १८३९ मध्ये जन्मलेल्या जमशेदजींनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली.

अडचण गैरहजेरीची होती. कामगार वरचेवर दांडी मारायचे. जमशेदजींनी दंडाऐवजी खेळांच्या स्पर्धा आणि बक्षीस समारंभ सुरू केले.

कामगाराची खरी धास्ती वेगळीच होती. म्हातारपणी काय? यंत्रात हात गेला तर? त्यावर १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघात भरपाई.

देशात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. जमशेदजींना जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. माणसाची भीती त्यांनी कायद्याआधीच ओळखली होती.