साने गुरुजी : मुलांच्या गोष्टींपासून पंढरपूरच्या उपोषणापर्यंत

मराठी बालकुमार साहित्यात मानाचे स्थान असलेले पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची स्थिती खालावलेली असतानाही आई यशोदाबाईंनी केलेले संस्कार पुढे त्यांच्या लेखनाचे अधिष्ठान ठरले.

एम.ए. झाल्यानंतर १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी सांभाळताना ते मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांशी रोज साधलेल्या या संवादातूनच त्यांची साधी, हळवी शैली घडली.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. धुळे कारागृहात १९३२ मध्ये विनोबा भावे यांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत लिहिला गेला. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

या पुस्तकातील आई श्यामला अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका वृद्धेची मोळी उचलून देण्यास सांगते. मुलांना सांगितलेली ही शिकवण गुरुजींनी पुढे प्राण पणाला लावून आचरणात आणली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे, यासाठी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी त्यांनी उपोषण आरंभले. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले.

तुरुंगात तमिळ शिकून गुरुजींनी ‘कुरल’ मराठीत आणले. भारतीयांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, या विचारातून त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडमध्ये स्थायिक झालेल्या आणि आज रायपूरसारख्या शहरांत मराठी जपत हिंदी व छत्तीसगढीत वावरणाऱ्या कुटुंबांना ही कल्पना विशेष जवळची वाटावी अशी आहे.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीने व्यथित झालेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच जीवनयात्रा संपवली. ‘साधना’ आजही प्रकाशित होत असून ‘श्यामची आई’च्या आवृत्त्या निघतच आहेत.