विठाबाई नारायणगावकर

आपल्या पारनेर तालुक्यात गावची यात्रा म्हटली की तमाशा आलाच. त्याची सुपारी द्यायला पंचमंडळी शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातात. त्या गावाचं नाव गाजवणाऱ्या विठाबाईंविषयी थोडं लिहिते.

त्यांचा जन्म 1935 चा, पंढरपूरचा. घरचाच भाऊ-बापूंचा फड, त्यामुळे लहानपणीच पायात चाळ आले. 1957 आणि 1990 मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. चीन युद्धाच्या वेळी त्या सीमेवर जवानांसमोर नाचल्या.

दिवस भरलेले असताना, खेळ रंगात आलेला असतानाच त्यांना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. लोक ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. भरपगारी बाळंतपणाची रजा घेतलेल्या मला तिच्यात नाइलाज दिसतो. समोर तिकीट काढून बसलेले लोक, आणि फडातल्या सगळ्यांची पोटं त्या खेळावर.

अखेरचे दिवस हलाखीत गेले. दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. 2006 पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाचा वारसा पुढे चालवला.

आपल्यापैकी काही जण आज यात्रा कमिटीत आहेत. सुपारी ठरवताना कलावंतिणींच्या मुक्कामाची, पाण्याची आणि आडोशाची सोयही तेव्हाच ठरवा.