पाटे, पद्मिनी आणि वालचंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पापडीला मामांच्या गॅरेजमध्ये एक जुनी पद्मिनी आली. मागून बसलेली, लहानशा खड्ड्यातही आपटणारी. मामांनी खाली वाकून पाहिले, तर उजवीकडचा मुख्य पाटा तुटलेला. एकाच बाजूचा पाटा बदलला तर गाडी तिरकी उभी राहते, म्हणून दोन्ही बाजूंचे पाटे नवीन घालायचे ठरले. मी हाताखाली होतो. यू-बोल्ट इतके गंजले होते की त्यांवर रॉकेल सोडून रात्रभर तसेच ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी पाना लावता लावता मामांनी सहज विचारले, तू कॉलेजात जातोस, तर ज्या कंपनीने ही गाडी बनवली ती कोणी काढली ते सांग. मला सांगता आले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे न आलेल्या उत्तराची लाज जरा जास्तच वाटली. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात गेलो आणि वालचंद हिराचंद दोशी यांचे चरित्र शोधून वाचले.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचे. १८९९ साली ते मॅट्रिक झाले, पुढे कॉलेजातही गेले. पण पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले. घरच्या धंद्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाईट रेल्वेचे काम हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे त्यांच्या कंपनीने भोर घाटातले बोगदे खोदले आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणारे नळ टाकले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी नरोत्तम मोरारजी व इतर व्यापाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली. तोच दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून ही देशी कंपनी बुडवण्याचा प्रयत्न केला, पण ती तग धरून राहिली. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९४८ साली तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

मोटारीची कथा याहून कठीण आहे. या देशात मोटार बनली पाहिजे, हा ध्यास वालचंदांनी घेतला होता. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी जमले नाही, तेव्हा क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून त्यांनी करार केला. त्याच प्रवासात विमानात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाची गाठ पडली आणि त्यातून विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धासाठी विमाने हवी होती, म्हणून सरकारने तिला मान्यता दिली व १९४२ साली वालचंदांचा हिस्सा विकतही घेतला. मोटारीच्या कारखान्याला मात्र मदत नाकारली. तरीही त्यांनी नाद सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी सुरू झाली.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि कामातून निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पद्मिनी हे नाव गाडीला त्यानंतर वीसेक वर्षांनी मिळाले. ते त्यांनी ऐकलेच नाही. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी घराघरांत ओळखीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तिची टॅक्सी म्हणून सेवाही संपली.

आता एक प्रामाणिक कबुली देतो. प्रथम वर्षाच्या निकालानंतर मी कॉलेज सोडून गॅरेजात जाण्याच्या विचारात होतो. दोन विषय राहिले होते आणि घरी पैशाची ओढाताण होती. वालचंदांनीही पदवी घेतली नाही हे वाचले, तेव्हा मला माझ्या विचाराला मोठाच आधार मिळाल्यासारखे वाटले. पण पुस्तक पुढे वाचत गेलो तसा तो आधार डळमळू लागला. त्यांनी कॉलेज सोडले तेव्हा पाठीशी घरची पेढी होती. माझ्या पाठीशी वडिलांची रोजची मजुरी आहे. आणि शिकणे तर त्यांनी सोडलेच नव्हते. रूळ, जहाज, विमान, मोटार, प्रत्येक वेळी नव्या इयत्तेत बसावे तसे ते बसले.

पाटे बसवताना मामांनी एक गोष्ट शिकवली. मधल्या बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमके बसले पाहिजे, नाहीतर मागचा ॲक्सल सरळ राहत नाही. आणि पाट्याच्या दोन टोकांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पुरते आवळायचे नाहीत. चाके जमिनीला लागून गाडीचे वजन पाट्यांवर आले, की मगच शेवटचा आवळा द्यायचा. नाहीतर आतले रबराचे बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. मी घाई करीत होतो, तेव्हा मामांनी माझा हात धरून पाना काढून घेतला होता.

राहिलेले दोन्ही विषय मी या वर्षी सोडवले. रविवारी गॅरेजात जातो आणि सोमवारी वर्गात असतो. मामांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले तेव्हा ते एका फियाटच्या खाली पडून काम करीत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि चौदा नंबरचा पाना मागितला.

— द्वितीय वर्ष, कला शाखा