कारभाऱ्याची सचोटी : ख्रिस्टी मॅथ्यूसन

ज्याच्या हाती दुसऱ्यांचे काम विश्वासाने सोपविलेले आहे, त्याने त्याच कामाच्या निकालावर स्वतःचे पैसे लावावेत काय? प्रश्न साधा दिसतो आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी कोणीही चटकन देईल. परंतु ते उत्तर आचरणात आणण्याची वेळ आली म्हणजे मैत्री, नोकरी, लोकमत, पुराव्याचा अभाव अशा अनेक अडचणी वाट अडवून उभ्या राहतात. अमेरिकेतील नामांकित बेसबॉलपटू ख्रिस्टी मॅथ्यूसन यांच्यावर 1918 साली अशी वेळ आली. त्यांच्या चरित्राचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ख्रिस्टोफर मॅथ्यूसन यांचा जन्म 12 ऑगस्ट 1880 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॅक्टरीव्हिल या लहानशा गावी झाला. घरचे वळण बाप्टिस्ट मंडळीचे, शिस्तीचे व भक्तिमान. मुलाने पाळक व्हावे अशी आईची इच्छा होती. मुलगा खेळाकडे वळला, तेव्हा रविवारी मैदानात उतरणार नाही असे वचन त्याने आईला दिले आणि खेळाडू म्हणून ते पाळले. लुइसबर्ग येथील बकनेल विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी पैसे घेऊन बेसबॉल खेळणारा म्हणजे दारू, शिवीगाळ आणि मारामारी करणारा, अशी सर्वसाधारण समजूत होती व ती अगदीच निराधार नव्हती. अशा धंद्यात हा उंचापुरा, सुशिक्षित, मर्यादशील तरुण 1900 साली न्यूयॉर्क जायंट्स या संघातून दाखल झाला.

आपल्याकडे गोलंदाजाला जे स्थान, तेच बेसबॉलमध्ये पिचरला असते, किंबहुना थोडे अधिकच. मॅथ्यूसन हे पिचर होते. मोठ्या लीगच्या सामन्यांत त्यांच्या नावावर 373 विजय आहेत. 1905 सालच्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत, त्यांनी सहा दिवसांच्या आत तीन सामने टाकले आणि प्रतिपक्षाला तिन्हींत एकही धाव करू दिली नाही. आईबाप आपल्या मुलांना त्यांचे उदाहरण देऊ लागले.

तथापि त्यांना कोणी देवदूत समजू नये. ते पत्ते उत्तम खेळत आणि पैसे लावूनही खेळत. 1917 साली सैनिकांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामना झाला, तेव्हा रविवारचा कायदा मोडल्याबद्दल दोन्ही संघांच्या मॅनेजरांना पकडण्यात आले. त्यांपैकी एक मॅथ्यूसन होते. न्यायाधीशांनी प्रकरण काढून टाकले. आम्ही या गोष्टी मुद्दाम सांगतो. कारण पुढे त्यांनी जे केले ते एखाद्या निष्कलंक पुरुषाने नव्हे, तर तुमच्याआमच्यासारख्या माणसाने केले.

जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅक्ग्रॉ हे त्यांचे जिवलग मित्र होते. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचे अंतर. मॅक्ग्रॉ तापट, भांडखोर, घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन. तरीही ही दोन जोडपी न्यूयॉर्कमध्ये एकाच बिऱ्हाडात राहिली. 1905 च्या त्या मालिकेत मॅक्ग्रॉ यांनी स्वतःच्या संघाच्या विजयावर पैसे लावले होते व त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नव्हते. आपल्याच विजयावर पैज लावण्यात फसवणूक कोणाची, असा तो विचार होता.

हा विचार अपुरा का आहे, हे समजण्यासाठी मॅनेजरचे काम पाहिले पाहिजे. बेसबॉलमधील मॅनेजर हा कचेरीत बसून हिशेब पाहणारा अधिकारी नसतो. आज कोणता पिचर टाकील, कोणाला बाहेर बसवायचे, थकलेल्या पिचरला केव्हा परत बोलवायचे, हे सर्व तोच ठरवितो. पिचरच्या हाताला दोन सामन्यांमध्ये काही दिवसांची विश्रांती लागते. ज्या मॅनेजरने आजच्या विजयावर मोठी रक्कम लावली आहे, तो विश्रांती हवी असलेल्या हातालाही आजच राबवील. मग पुढील आठवड्यात संघाचे व त्या तरुणाचे काहीही होवो. शिवाय जो रोज पैज लावतो आणि एखाद्या दिवशी लावीत नाही, तो त्या दिवशी पैजा घेणाऱ्यांना न बोलता निरोपच देतो. आणि कर्ज झाले, की तो सावकाराच्या मुठीत सापडतो. थोडक्यात, कारभारी एक आणि धनी दोन, अशी त्याची अवस्था होते.

1916 च्या जुलैत मॅथ्यूसन हे सिनसिनाटी रेड्स संघाचे मॅनेजर झाले. त्या संघात हॅल चेस नावाचा खेळाडू होता. फर्स्ट बेसच्या जागी इतका चपळ क्षेत्ररक्षक त्या काळी दुसरा नव्हता, असे जाणकार म्हणत. परंतु तो पैसे घेऊन सामने हरतो, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. त्याची हातोटी सूक्ष्म होती. सहकाऱ्याने फेकलेल्या चेंडूसाठी तो बेसवर निमिषभर उशिरा पोहोचे; चेंडू निसटे आणि प्रेक्षकांना चूक फेकणाऱ्याची वाटे. 1910 साली न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचे मॅनेजर जॉर्ज स्टॉलिंग्ज यांनी त्याच्यावर उघड आरोप केला होता. परिणाम काय झाला? स्टॉलिंग्ज यांची जागा गेली आणि त्या जागी मॅनेजर म्हणून खुद्द चेसची नेमणूक झाली!

हा इतिहास सर्वांना ठाऊक होता. सिनसिनाटीत चेसने एका तरुण पिचरला सामना हरण्यासाठी पैसे देऊ केले. त्याने नकार दिला, परंतु संघ हरलाच; तेव्हा चेसने 50 डॉलर त्याच्या हाती ठेवले. त्या पिचरने ही गोष्ट मॅथ्यूसन यांच्या कानावर घातली. अखेर ऑगस्ट 1918 मध्ये मॅथ्यूसन यांनी चेसला निलंबित केले. हंगाम चालू असताना, आपल्या संघाचा एक नामवंत खेळाडू गमावून, त्यांनी हे केले. स्टॉलिंग्ज यांचे काय झाले हे माहीत असूनही केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या 38 व्या वर्षी, ते सैन्यात दाखल झाले व रासायनिक युद्ध विभागात कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेले. इकडे जानेवारी 1919 मध्ये लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांच्यापुढे चेसच्या प्रकरणाची सुनावणी झाली. मुख्य साक्षीदार समुद्रापलीकडे होता. चेसचे वर्तन बेजबाबदार होते, परंतु तो मुद्दाम हरला हे सिद्ध होत नाही, असा निर्णय देऊन हेडलर यांनी त्याला मोकळे केले. आणि त्याला तत्काळ आपल्या संघात घेतले ते जॉन मॅक्ग्रॉ यांनी!

मॅथ्यूसन परतले तेव्हा विषारी वायूचा संपर्क व इन्फ्लुएंझा यांनी त्यांची प्रकृती खालावली होती. त्यांच्याकडून वेळेवर उत्तर न आल्यामुळे सिनसिनाटीने दुसरा मॅनेजर नेमला होता. मित्राने हात पुढे केला आणि ते जायंट्समध्ये मॅक्ग्रॉ यांचे साहाय्यक झाले. ज्याला त्यांनी अप्रामाणिकपणाबद्दल दूर केले होते, तोच चेस आता त्याच संघात, त्याच मित्राच्या मर्जीतला. या परिस्थितीची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. सत्य बोलणाऱ्याला जेव्हा पुराव्याअभावी खोटे ठरविले जाते, तेव्हा त्याच्यापुढे दोन मोह असतात : कडवट होऊन सर्वांशी वैर धरणे, अथवा यापुढे गप्प बसणे. मॅथ्यूसन यांनी मित्र सोडला नाही आणि डोळेही मिटले नाहीत.

त्याच वर्षी, 1919 च्या सप्टेंबरात, मॅक्ग्रॉ यांनी चेसला गाजावाजा न करता संघाबाहेर काढले. पुढील वर्षी ग्रँड जुरीपुढे त्यांना सांगावे लागले, की चेस सामने विकतो अशी आपली खात्री झाली होती. हेडलर यांच्या हातीही एका पैजवाल्याने चेसला दिलेल्या 500 डॉलरच्या चेकची नक्कल आली. चेस मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधीही खेळला नाही.

1919 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सिनसिनाटी आणि शिकागो व्हाइट सॉक्स हे संघ समोरासमोर आले. मॅथ्यूसन वर्तमानपत्रासाठी लिहिण्यास तेथे उपस्थित होते. शिकागोचे काही खेळाडू विकले गेल्याची बातमी पत्रकार ह्यू फुलर्टन यांच्या कानी आली होती. त्यांनी मॅथ्यूसन यांना शेजारी बसवून घेतले आणि संशयास्पद वाटणाऱ्या प्रत्येक खेळीवर खूण करीत दोघांनी ती मालिका पाहिली. सिनसिनाटी पाच विरुद्ध तीन सामन्यांनी जिंकली. आपला जुना संघ विजयी झाला, पण तो विजय खरा नाही, हे ओळखण्याची पाळी मॅथ्यूसन यांच्यावर आली. 1920 साली ते कारस्थान उघडकीस आले. खटला चाललेल्या खेळाडूंना ज्यूरीने ऑगस्ट 1921 मध्ये निर्दोष ठरविले, तरी दुसऱ्याच दिवशी नवे कमिशनर न्यायमूर्ती लँडिस यांनी आठही खेळाडूंना कायमचे बाहेर काढले. न्यायालयात सुटणे आणि विश्वासास पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जे मॅथ्यूसन यांनी 1918 मध्ये मानले होते, ते आता सर्व खेळाने मान्य केले.

मॅथ्यूसन यांना मात्र 1920 साली क्षयाने गाठले. न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक येथे ते दीर्घकाळ अंथरुणास खिळून होते. थोडे बरे वाटताच 1923 साली त्यांनी बोस्टन ब्रेव्हज संघाचे अध्यक्षपद स्वीकारले, परंतु रोग पुन्हा बळावला. 7 ऑक्टोबर 1925 रोजी, त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्याच दिवशी, वयाच्या 45 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे खेळाडू दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले. लुइसबर्ग येथे त्यांना मूठमाती देण्यात आली. 1936 साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले. त्या पाचांपैकी तेव्हा हयात नसलेले एकटे मॅथ्यूसनच होते.

सिनसिनाटीच्या मॅनेजरची ती जागा पुढे पुन्हा एकदा चर्चेत आली. 1984 पासून त्या जागेवर असलेले थोर खेळाडू पीट रोझ यांना पैजा लावल्याबद्दल 1989 साली खेळातून कायमचे बाहेर जावे लागले. आपण आपल्याच संघावर पैसे लावीत होतो, हे त्यांनी 2004 साली कबूल केले. तो संघ हरावा म्हणून त्यांनी पैसे लावल्याचा पुरावा नाही, आणि म्हणूनच कित्येकांना त्यांची शिक्षा कठोर वाटली. 2024 साली ते वारले. 2025 साली कमिशनरांनी, अशी बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते, असा निर्णय दिला. मृतांविषयीची ही दया आम्हांस योग्य वाटते. परंतु तिने मूळ नियम सैल होत नाही. मैदानावर काम असलेल्याने स्वतःच्या सामन्यावर पैज लावू नये, जिंकण्यावरही नाही, हा नियम कायम आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बेसबॉलचा संघ नाही. पण कोणाच्या हाती संस्थेची पेटी आहे, कोणाच्या हाती शाळा, कोणाच्या हाती दुसऱ्याच्या मुलांचे भवितव्य. पैसे आपल्या खिशात गेले नाहीत एवढ्यावरून कारभारी विश्वासू ठरत नाही. निर्णय घेताना त्याच्या मनात फक्त सोपविलेले काम होते की आणखी काही, यावर ते ठरते. आणि शेजारी कोणी त्या कामाचा सौदा करीत असेल, तर पुरावा अपुरा व हार संभवनीय असताही, हे आपल्याला चालणार नाही असे सांगणे हाही कारभाराचाच भाग आहे. मॅथ्यूसन यांच्या 373 विजयांइतकीच, 1919 सालच्या त्या सुनावणीतील त्यांची हार आम्हांस स्मरणीय वाटते.